कोअर बॉक्स हलवायचेत, दोन गोडाऊनचं एक करायचंय, मदत हवी

मंडळी, जरा अर्जंट आहे. मी बोअरहोल तपासणीच्या ऑफिसात जिऑलॉजिस्ट आहे. आमचे कोअर बॉक्स, म्हणजे बोअर मारून काढलेल्या खडकाच्या दांड्या ठेवायच्या खणांच्या पेट्या, शिवडी आणि भांडुप अशा दोन ठिकाणी आहेत, आता दोन्ही जागा सोडून सगळं भिवंडीच्या एका गाळ्यात न्यायचंय, तेही पावसाच्या आधी. साधारण ६०० पेट्या. एनएक्स साइजचा (साधारण साडेपाच सेंटिमीटर जाडीचा) बेसॉल्ट मीटरला साडेसहा किलो भरतो, पेटीत ५ मीटर, लाकूड धरून ४० किलोपर्यंत जातं. टेम्पो-हमाल मिळतील, त्याचं टेन्शन नाही.

काल ट्रायल म्हणून दहा पेट्या हलवल्या, एक तिरकी झाली आणि एका खणातले तुकडे दुसऱ्या खणात, खोली लिहिलेले लाकडी ठोकळेपण सरकले. दोन तास तुटलेल्या कडा एकमेकांना लावत बसलो तेव्हा जुळलं, तरी दोन तुकडे उरलेच.

शिवडीच्या पेट्यांना वाळवी लागलीय, मार्करचे नंबर उडालेत. लॉगच्या (कुठल्या खोलीवर काय लागलं त्या नोंदींच्या) फायली वेगळ्या कपाटात, त्यांच्यावर प्रोजेक्ट नंबर, पेटीवर नुसता बोअर नंबर, आणि बीएच-३ (बोअरहोल नंबर तीन) तर प्रत्येक साइटला असतोच.

साहेब म्हणतात फोटो काढा नि निम्मं टाका. मला अजिबात पटत नाही. वरळीच्या एका बोअरमध्ये दोन बेसॉल्टच्या मधे काळसर शेल आलाय, दोन लाव्हांच्या मधल्या काळात साचलेला, वरळीला बेडकांचे जीवाश्म मिळाले ते असल्याच थरात. हात लावला की पापुद्रे सुटतात. आता तिथे टॉवर उभाय, परत बोअर कुठून मारणार? फोटोवरून आरक्यूडी (खडक किती अखंड आहे त्याची टक्केवारी) एकवेळ काढू, पण फोटोचा पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली कसा बघणार?

आयएस ४०७८ (कोअर नोंदवून साठवायचं भारतीय मानक) हाताशी आहे, पण नंबर उडालेल्या पेट्या ओळखायच्या कशा? आणि साहेबांना काय सांगू?

उत्तर:
ताई, एकही पेटी हलवायच्या आधी जागेवरच उघडून पट्टी ठेवून फोटो घ्या, बेसॉल्ट ओला करूनही घ्या, शेलला मात्र पाणी लावू नका, विरघळल्यासारखा सुटेल. नंबर नसेल तर प्रत्येक रनची (एका खेपेत मारलेल्या बोअरची) रिकव्हरी, म्हणजे त्यातला किती कोअर हाती आला ते, मोजा आणि लॉगशी ताडून बघा, चार-पाच रन ओळीने जुळले की बोअर सापडतो. खणातली मोकळी जागा थर्माकोलने भरा, झाकण स्क्रूने. नंबर पत्र्याच्या पट्टीवर ठोकून घ्या, प्रोजेक्टसकट. टाकायचंच असेल तर एकाच साइटच्या सारख्या बेसॉल्टच्या पेट्यांतून निवडा.

धागाकर्ती:
खूप आभार दादा, रिकव्हरीचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्या शिवडीपासून सुरू करते. वरळीची पेटी मी टेम्पोत देणार नाही, गाडीत मांडीवर घेऊन जाईन.