'जर्कवॉटर' गाव म्हणजे कसलं गाव?

प्रश्न : एका अमेरिकन कथेचा अनुवाद करतेय. त्यात 'जर्कवॉटर टाऊन' आलंय. 'आडगाव' चालेल का?

उत्तर : 'आडगाव' नको. आडगावाला वाट वाकडी करून जावं लागतं, आणि हे गाव तर ऐन लोहमार्गावरचं. वाफेच्या इंजिनाचं पाणी कोळशाच्या कितीतरी आधी संपायचं. म्हणून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळांलगत ठिकठिकाणी पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या. इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या पाणी-कोळशाच्या डब्यावर चढायचा, टाकीचा लांब नळ साखळीने खाली ओढायचा, पाणी भरलं की नळ वर आणि गाडी पुढे. 'जर्क' म्हणजे हा हिसका. टाकी नसेल तिथे ओढ्यातून बादल्यांनी पाणी उपसत, त्यावरूनही शब्दाची उपपत्ती लावतात. (आपल्याकडे नेरळ-माथेरान मार्गावर 'वॉटर पाईप' नावाचं स्टेशनच आहे.)

आधी हा शब्द फाट्यावरच्या दुय्यम गाड्यांना लागला, मग गावांना. गाडी थांबते ती इंजिनाला तहान लागली म्हणून, गावासाठी नव्हे, ही त्यातली खोच. हिणवणं त्यात मुरलेलंच आहे. वकील आणि कॉलेजही 'जर्कवॉटर' असू शकतात, तिथे तर 'आड' लागणारच नाही. म्हणून मला 'फडतूस' सगळ्यांत जवळचं वाटतं : फडतूस गाव, फडतूस कॉलेज, फडतूस वकील. 'टिकलीएवढं गाव' म्हटलं की नुसता आकार येतो, शिवाय थोडा जिव्हाळाही. इंग्रजीत हे विशेषण बहुधा नामाच्या आधीच येतं, आणि आज ते जुनाट वाटतं.

कथेत ते कोणाच्या तोंडी आहे हेही बघा. शहरातून आलेला पाहुणा म्हणत असेल तर 'फडतूस' चपखल. गावचाच माणूस वैतागून म्हणत असेल तर 'आमचं हे भिकार गाव' जास्त खरं वाटेल.

प्रश्न : मग 'व्हिसल-स्टॉप' म्हणजे तेच का?

उत्तर : भावंड आहे, पण नशीब वेगळं. कोणी चढणार-उतरणार असेल तरच खूण करून गाडी थांबवायची, ते व्हिसल-स्टॉप. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन रेल्वेने फिरून गावोगावी डब्याच्या मागच्या सज्जातून भाषणं देत होते. विरोधी रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांनी तक्रार केली की हे गृहस्थ व्हिसल-स्टॉपांवर उभे राहून काँग्रेसची (म्हणजे अमेरिकन संसदेची) नालस्ती करतात. ट्रूमन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने लगेच वाटेवरच्या गावांच्या महापौरांना तारा करून विचारलं, तुमच्या गावाला असं म्हटलेलं पटतं का? महापौर भडकले. शरद ऋतूत ट्रूमन पुन्हा रेल्वेनेच फिरले आणि नोव्हेंबरमध्ये निवडून आले. शब्द तेव्हापासून प्रचाराला चिकटला. त्यामुळे बातमीत 'व्हिसल-स्टॉप टूर' दिसली तर खुशाल 'धावता दौरा' लिहा, तिथे गावाची हेटाळणी उरलेली नाही.