परवडणारे घर दुसऱ्या हाती गेल्यावरही परवडणारे कसे राहील?

पायवाट :

नमस्कार. सरकारी गृहनिर्माणाची चर्चा बहुतेक वेळा किती घरे मंजूर झाली आणि किती कुटुंबांना चाव्या मिळाल्या या आकड्यांपाशी येऊन थांबते. मला पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. समजा, शासनाने जमीन नाममात्र दराने दिली, शुल्क माफ केले, कर्जाच्या व्याजात सूट दिली आणि या सगळ्यामुळे एका कुटुंबाला बाजारभावाच्या निम्म्या किमतीत घर मिळाले. दहा वर्षांनी त्या कुटुंबाने ते घर चालू बाजारभावाने विकले, तर सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली ती निम्मी सवलत पहिल्याच कुटुंबापाशी संपते. त्या कुटुंबाचा मला हेवा वाटत नाही. पण त्याच ठिकाणी येऊ पाहणाऱ्या पुढच्या गरजू कुटुंबाला पूर्ण किंमत मोजावी लागते आणि शासनाला पुन्हा नवी जमीन शोधावी लागते, हे मला खटकते.

ब्रिटनचे उदाहरण सर्वांना माहीत असेल. तेथे 1919 च्या गृहनिर्माण कायद्यापासून नगरपालिकांनी भाड्याची घरे मोठ्या प्रमाणावर बांधली आणि 1980 च्या कायद्याने त्यांतील भाडेकरूंना राहते घर मोठ्या सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे वीस लाख घरे अशी विकली गेली. त्यांतील कित्येक घरे आज खासगी मालकांकडून चढ्या भाड्याने दिली जातात आणि ते भाडे न परवडणाऱ्यांना शासन पुन्हा भाडेसाहाय्य देते, म्हणजे एकाच घरासाठी सरकारी तिजोरी दोनदा उघडते. स्कॉटलंडने हा हक्क 2016 मध्ये आणि वेल्सने 2019 मध्ये रद्द केला, तो काही उगाच नव्हे.

तर मग शासनाने घरे विकूच नयेत, कायम भाड्यानेच ठेवावीत का? की मालकी आणि परवडणे या दोन्हींचा मेळ घालणारी एखादी तिसरी वाट आहे?

गच्चीवरून :

माझा कौल भाड्याच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण व्हिएन्ना आहे. या शहराचे नाव अशा चर्चेत हटकून येते, मात्र तेथे नेमके काय केले गेले ते फारसे सांगितले जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिल्या महायुद्धानंतर तेथील कामगारांची स्थिती दयनीय होती. चाळवजा इमारतींत प्रत्येक मजल्यावर सामायिक मार्गिकेत एकच नळ असे, त्याला ‘बासेना’ म्हणत, आणि बादल्या घेऊन तेथे रांग लागे. शौचालयही सामायिकच होते. 1923 मध्ये नगरपालिकेने गृहबांधणीसाठी वेगळा कर लावला. तो चढत्या दराचा होता, म्हणजे साध्या घराला जेमतेम आणि आलिशान घराला भरभक्कम, आणि त्याचे उत्पन्न घरांसाठीच राखून ठेवले होते. ह्युगो ब्राइटनर हे तेव्हा शहराचे अर्थखाते सांभाळत होते. या पैशातून आणि चैनीच्या वस्तूंवरील इतर करांतून 1934 पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली, तीही बहुतांशी कर्ज न काढता. त्यामुळे भाड्यातून बांधकामाचा खर्च वसूल करण्याची गरजच उरली नाही. भाडे देखभालीपुरते ठेवता आले.

1930 मध्ये पूर्ण झालेली कार्ल मार्क्स होफ ही वसाहत एक किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्यात सुमारे 1,400 घरे होती. घरे लहान होती, पण नळ आणि शौचालय प्रत्येक घरात होते आणि आतल्या विस्तीर्ण अंगणांभोवती धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या, वाचनालय आणि दवाखाना होता. भूखंडाचा मोठा भाग मोकळाच ठेवला होता, हे आजच्या नियोजनकारांनी मुद्दाम पाहावे असे आहे.

आज व्हिएन्नाच्या नगरपालिकेकडे सुमारे 2,20,000 घरे आहेत आणि मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या गृहसंस्थांकडे जवळपास तेवढीच. शहरातील साधारण निम्मे लोक अशा अनुदानित घरांत राहतात. उत्पन्नाची अट प्रवेशाच्या वेळी तपासली जाते. नंतर पगार वाढला म्हणून कोणाला बाहेर काढत नाहीत. यामुळे शिक्षक, परिचारिका, ट्रामचालक आणि निवृत्त कारकून एकाच जिन्याने ये-जा करतात आणि ‘गरिबांची वस्ती’ असा शिक्का बसत नाही. मुख्य म्हणजे शहराने ही घरे विकायला काढली नाहीत. शंभर वर्षांपूर्वी गुंतवलेला पैसा आजही काम करतो आहे.

उंबरठा :

गच्चीवरून यांचा प्रतिसाद वाचून कोणालाही व्हिएन्नाला जावेसे वाटेल, पण तेथे गेल्यावर नगरपालिकेच्या घरासाठी अर्ज करायचा तर साधारणपणे दोन वर्षे त्याच शहरात नोंदणीकृत पत्त्यावर राहिलेले असावे लागते. म्हणजे आत असलेल्यांची सोय चांगली आणि नव्याने येणाऱ्याला सर्वांत महाग खोलीपासून सुरुवात. भाडे कमी ठेवून घरे तेवढीच ठेवली की रांग लांबते. स्टॉकहोममध्ये शहराच्या चांगल्या भागातील घरासाठी लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत असतात. किंमत पैशात मोजली नाही तर ती वेळात मोजावी लागते, इतकाच फरक.

मालकीचा मुद्दा इतका हलका घेऊ नये, असे मला वाटते. ज्याच्या नावावर आयुष्यात कसलाच कागद नव्हता, त्याला घराचा कागद मिळतो तेव्हा त्याचे कर्ज घेणे, मुलांचे शिक्षण, म्हातारपण, सगळ्याचे गणित बदलते. शिवाय शासन हेच घरमालक असेल, तर भाडेकरूला दाद मागायची ती शासनाच्याच दुसऱ्या खिडकीवर.

सिंगापूरने नेमके उलटे केले. तेथे 1960 मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले, 1964 मध्ये घरे विकत देण्याची योजना आली आणि 1968 पासून भविष्य निर्वाह निधीतील रक्कम घरासाठी वापरण्याची मुभा मिळाली. आज तेथील दर दहा रहिवाशांपैकी जवळपास आठ जण मंडळाच्या घरांत राहतात आणि त्यांतील बहुतेक मालक आहेत. हे साधले ते जमिनीमुळे. 1966 च्या भूसंपादन कायद्याने शासनाला बाजारभावाखाली जमीन घेता आली आणि आज बहुतेक जमीन शासनाकडेच आहे. त्या काळच्या जमीनमालकांना हे कसे वाटले असेल, याचा उल्लेख सिंगापूरच्या कौतुकात सहसा येत नाही.

पायवाट यांच्या प्रश्नापुरते सांगायचे तर, तेथे घेणाऱ्याच्या हाती येतो तो 99 वर्षांचा भाडेपट्टा. सर्वसाधारणपणे पाच वर्षे राहिल्यानंतर घर खुल्या बाजारात विकता येते आणि नफाही मिळतो, पण पट्टा संपला की घर शासनाकडे परत जाते. तोवर नव्या घरांचा पुरवठा चालू ठेवून किमती आवाक्यात ठेवायच्या, अशी ती रीत आहे. पट्ट्याची वर्षे घटत गेली की घराची किंमतही उतरणार, हे पटवून देणे मात्र तेथल्या सरकारलाही जड जाते आहे.

ब्रिटनबद्दलही एक दुरुस्ती सुचवतो. दोष केवळ विक्रीचा नव्हता. विक्रीतून आलेला पैसा नव्या घरांत गुंतवण्यावर केंद्र सरकारने नगरपालिकांवर कडक बंधने घातली. जितकी विकली तितकी बांधली असती, तर आज आपण या विक्रीविषयी वेगळे बोललो असतो.

जमाखर्च :

मी काही वर्षे एका सार्वजनिक गृहसंस्थेच्या हिशेबतपासणीत होतो, त्यामुळे माझे लक्ष आधी देखभालीच्या रकान्याकडे जाते. नव्या वसाहतीच्या उद्घाटनाला सगळे येतात. बाराव्या वर्षी लिफ्टचा दोर बदलायचा असतो, पाण्याच्या टाकीला गळती असते, पंपाची मोटर जळालेली असते आणि खात्यात पगारापुरतेच पैसे असतात. मी पाहिलेल्या एका इमारतीत लिफ्ट चौदा महिने बंद होती. कारण रोकडीचे नव्हतेच. दुरुस्ती ‘भांडवली खर्च’ की ‘चालू खर्च’ यावर दोन विभागांचे एकमत होत नव्हते. वरच्या मजल्यावरील म्हातारी माणसे तेवढे दिवस खाली उतरली नाहीत.

अमेरिकेतील सेंट लुईस शहरातील प्रुइट-इगो ही वसाहत याचे टोकाचे रूप आहे. 1950 च्या दशकात अकरा मजली 33 इमारती बांधल्या. काटकसर म्हणून लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. काही मजले सोडून उतरायचे आणि उरलेला जिना चढायचा किंवा उतरायचा. बांधकामाला केंद्राचा पैसा होता, देखभाल मात्र भाडेकरूंच्या भाड्यातून भागवायची होती. शहराची लोकसंख्या घटली, ज्यांना शक्य होते ते बाहेर पडले, उरलेल्यांचे उत्पन्न कमी, म्हणून भाडे कमी, म्हणून दुरुस्ती कमी, म्हणून आणखी लोक बाहेर. 1972 मध्ये पाडकाम सुरू झाले आणि 1976 पर्यंत काही उरले नाही. पुष्कळांनी दोष वास्तुरचनेला दिला. मी ताळेबंदाला देईन.

म्हणून घर विका किंवा भाड्याने द्या, सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी नियमित बाजूला टाकलेला पैसा, पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवा. हे नसेल तर वरील दोन्ही प्रतिसादांना अर्थ नाही.

पायवाट :

तिघांचेही आभार. जमाखर्च यांचा मुद्दा माझ्या प्रश्नात सुटलाच होता. आणखी दोन शंका आहेत. एक, मालकाला नफ्याचा काही भागच घेऊ देणारी पद्धत कोठे चालली आहे का? दोन, शासनाने घरे बांधण्याऐवजी थेट कुटुंबाच्या हाती भाड्याचे पैसे दिले तर ही सारी गुंतागुंत टळणार नाही का?

मोजपट्टी :

पहिल्या शंकेचे उत्तर ‘हो’ असे आहे. अमेरिकेतील समाजभूमी न्यासांची सुरुवात 1969 मध्ये जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी झाली. पुढे 1984 मध्ये व्हर्मांट राज्यातील बर्लिंग्टन शहराने त्याच कल्पनेवर शहरी घरांसाठी न्यास उभा केला. जमीन न्यासाची राहते, तिच्यावरचे घर कुटुंबाचे होते आणि विकताना वाढलेल्या किमतीचा साधारण चौथा हिस्साच कुटुंबाला मिळतो.

हे आकड्यांत मांडून पाहू. घराचा बाजारभाव शंभर आहे असे धरा. त्यातील तीसचा भार न्यासाने उचलला आणि कुटुंबाने सत्तर दिले. काही वर्षांनी भाव एकशे चाळीस झाला. वाढ चाळीसची, तिचा चौथा हिस्सा दहा. कुटुंब ऐंशी घेऊन जाते, शिवाय तोवर फेडलेले कर्ज त्याचेच. पुढचे कुटुंब एकशे चाळीसचे घर ऐंशीला घेते, तेही नवे अनुदान न घालता. पहिल्याला काहीतरी मिळाले आणि दुसऱ्यालाही दार उघडे राहिले. उणीव इतकीच, की हे न्यास आकाराने लहान राहिले, कारण जमीन मिळवणे हीच त्यांची अडचण असते.

याउलट जर्मनीत स्वस्त सरकारी कर्जावर बांधलेल्या घरांवरील भाड्याचे बंधन ठरावीक मुदतीचे असते. ती मुदत संपली की घर खुल्या बाजारात जाते. त्यामुळे दरवर्षी नवी सामाजिक घरे, म्हणजे सरकारी मदतीने कमी भाड्यात दिलेली घरे, बांधूनही तेथील एकूण संख्या दशकानुदशके घटत गेली. तळ फुटलेल्या रांजणात पाणी ओतण्यासारखेच ते आहे.

दुसऱ्या शंकेबाबत सावधगिरीचा सल्ला देईन. जेथे रिकामी घरे आहेत तेथे रोख भाडेसाहाय्य उत्तम चालते आणि कुटुंबाला जागा निवडता येते. जेथे घरेच अपुरी आहेत तेथे मात्र त्या पैशाचा चांगला वाटा भाडे वाढवून घरमालक घेऊन जातो. बाजाराच्या तेजीवर बेतलेल्या योजनांचेही असेच. मुंबईत 1995 पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत विकासकाने पात्र रहिवाशांना मोफत घर द्यायचे आणि बदल्यात मिळालेले वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्तीच्या बांधकामाची मुभा, वापरून बांधलेली घरे बाजारात विकायची, अशी रचना आहे. जमीन महाग तेथे हे गणित जुळते, स्वस्त तेथे कोणी फिरकत नाही आणि बाजार मंदावला की अर्धवट इमारतींसमोर माणसे संक्रमण शिबिरात अडकतात.

फ्रान्सचा 2000 सालचा कायदा मला अधिक सरळ वाटतो. मोठ्या नागरी पट्ट्यांतील ठरावीक लोकसंख्येवरील प्रत्येक नगरपालिकेत 20 टक्के घरे सामाजिक असलीच पाहिजेत. 2013 मध्ये बहुतेक ठिकाणी हे प्रमाण 25 टक्के केले. कमी असेल तर दरवर्षी दंड. काही श्रीमंत नगरपालिका दंड भरणेच पसंत करतात, तो भाग निराळा. पण गरिबांची घरे शहराबाहेर, जेथे ना बस ना काम, अशा माळावर ढकलण्याला त्यामुळे थोडा तरी अटकाव होतो.

उंबरठा :

मोजपट्टी यांनी जागेचा विषय काढलाच आहे, तर चिलीतील इकिके शहराची एक वसाहत पाहावी. तेथे शहराच्या मध्यभागी राहणाऱ्या शंभरेक कुटुंबांसाठी प्रत्येकी सुमारे 7,500 डॉलरचे अनुदान होते आणि त्यातच जमीन, सोयी आणि बांधकाम बसवायचे होते. वास्तुविशारद आलेहान्द्रो आरावेना यांच्या चमूने महागडी जागा सोडली नाही, त्याऐवजी 2004 मध्ये अर्धीच घरे बांधली. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना आणि भक्कम भिंती, म्हणजे कुटुंबाला स्वतः करणे अवघड ते सारे, आधी दिले. शेजारी तेवढीच रिकामी पोकळी सोडली आणि ती प्रत्येकाने जमेल तशी, जमेल तेव्हा भरली. भाड्याच्या घरात माणूस असा हात घालणार नाही. मालकीचे माझे म्हणणे ते एवढ्यासाठीच. फेरविक्रीवर न्यासासारखी मर्यादा घालायला माझी हरकत नाही.

जमाखर्च :

मग ती मर्यादा लिहायची कोठे, हेही ठरवून टाका. शासन निर्णयात किंवा परिपत्रकात लिहिलेली अट पुढचे परिपत्रक उडवून लावते आणि तिची आठवण निबंधक कार्यालयातील कारकुनाला असतेच असे नाही. मी तपासलेल्या नोंदींत बंदीच्या मुदतीतच कुलमुखत्यारपत्रावर हस्तांतरित झालेली घरे कितीतरी होती. कागदावर मालक पहिलाच, वीजबिल तिसऱ्याच्याच नावाने. जमीन न्यासाकडे किंवा नगरपालिकेकडे ठेवून अट थेट भाडेपट्ट्यात घातली आणि घर परत विकत घेण्याचा पहिला हक्क त्याच संस्थेला दिला, तर निदान दस्त नोंदवताना तिची सही लागते. त्या खरेदीसाठी संस्थेजवळ पैसे असावे लागतील, ते सिंकिंग फंडातून मात्र काढू नका.