आधी निबंध, मग संख्याशास्त्र
संख्याशास्त्र पक्कं झाल्याशिवाय एमबीबीएसच्या मुलांच्या हाती शोधनिबंध देऊ नयेत, हे मत मला पटत नाही. सुरुवात निबंधापासूनच व्हावी. अमेरिकेतल्या ‘कास्ट’ या औषध-चाचणीचंच घ्या. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके पडू नयेत म्हणून डॉक्टर एन्केनाइड, फ्लेकेनाइड ही औषधं देत. ईसीजी सुधारायचा, म्हणजे रुग्ण वाचणार असं धरून चालले होते. १९९१ चा अहवाल पाहा: औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, प्लासिबोवरच्या (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) ७४३ जणांत २६! मुलांना आधी फक्त ईसीजीतली सुधारणा दाखवावी, ‘हे औषध द्याल का?’ विचारावं, हात वर होऊ द्यावेत आणि मग हे आकडे फळ्यावर लिहावेत. नेमकं मोजलं काय, हा प्रश्न ती स्वतःहून विचारू लागतात. पी-व्हॅल्यूचा (निव्वळ योगायोगानेही एवढा फरक दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा) तास त्यानंतर घ्यावा.