मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपचं बायोस लॉक, लिनक्स टाकता येत नाही

मंडळी, चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेसाठी कंपनीतून निघालेले लॅपटॉप रीतसर बिलावर घेतलेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचीय. पण बायोस (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग) उघडायला गेलं की सुपरवायझर पासवर्ड मागतं. यूएसबी बूट (पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करणं) बंद, बूटचा क्रम करड्या अक्षरांत, हलतच नाही. बायोसचा छोटा सेल काढून उपयोग नाही, पासवर्ड बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये आहे. विकणाऱ्याने हात वर केले. पैसे मोजून घेतलेल्या मशीनवर मालकाचीच सत्ता नाही, हे मला मुळीच पटत नाही.

डिस्क काढून दुसऱ्या मशीनवर मिंट टाकून परत बसवली तर उचलेल का? जळगाव, भुसावळ, धुळ्यात चिप नव्याने लिहून देणारं खात्रीचं कोणी? भरतीची पोरं वाट बघताहेत.