मदत हवी आहे: पलुस्कर पद्धतीचं स्वरलेखन वाचता येणारं कोणी आहे का?

आजोबांची गाण्याची वही सापडली आहे. भूप, यमन, दुर्गा अशा रागांतल्या सगळ्या बंदिशी (बांधलेल्या चिजा) विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीने लिहिलेल्या. मुलगी क्लासमध्ये भातखंडे पद्धत शिकते आणि तिथेच गोची होते: भातखंड्यांकडे स्वरावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, पलुस्करांकडे तेच टिंब मंद्राचं (खालच्या सप्तकाचं)! तारसाठी ते स्वरावर उभी रेघ देतात. सम (तालाची पहिली मात्रा) भातखंड्यांकडे फुलीने, पलुस्करांकडे १ ने. एवढं समजलं. पण अर्ध्या-पाव मात्रांच्या खुणा आजोबांच्या घाईच्या अक्षरात एकमेकींसारख्याच दिसतात.

पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे विनायकराव पटवर्धन, देवधर अशा शिष्यांनी ती परंपरा चालवली, म्हणजे जाणकार नक्की असणार. (भातखंडे पेशाने वकील, त्यांची मांडणी सुटसुटीत असणारच म्हणा.)

तर विचारायचं असं, की या खुणा तक्त्यासह समजावणारं मराठी पुस्तक आज विकत मिळतं का? पुण्या-मिरजेकडे कोणी समोर बसून दोन-तीन पानं वाचून दाखवील का? आणि सगळी वही भातखंडे पद्धतीत उतरवून काढावी, की मुलीलाच मूळ लिपी शिकवावी? पानांचे फोटो पाठवते.