डीपीकेजी -एस इथे चालणार नाही

उबुंटूवर प्रोग्राम सुरू करताना त्याला लागणारी लायब्ररी फाइल (.एसओ) सापडत नसेल, तर ती कोणत्या पॅकेजात आहे हे ‘डीपीकेजी -एस’ने शोधा असं इथे एकाने सुचवलंय, पण ती आज्ञा फक्त बसवलेल्या पॅकेजांतच शोधते. फाइल मुळात मशीनवर नाही, मग ती सापडणार कुठून? आधी प्रोग्रामवर ‘एलडीडी’ (त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणारी आज्ञा) चालवून ‘नॉट फाउंड’ दाखवणारं नेमकं नाव घ्या, मग एपीटी-फाइल (न बसवलेल्या पॅकेजांतही फाइल शोधणारं साधन) वापरा. इकडे देवगड-राजापूरच्या बाजूला पावसात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून हे महत्त्वाचं: ‘एपीटी-फाइल अपडेट’ला तेवढं इंटरनेट लागतं. एकदा पॅकेजांतल्या फाइलींची यादी उतरली की ‘सर्च’ बिननेटचं चालतं. तेव्हा रेंज असताना अपडेट उरकून ठेवा.

उत्तरात बरीच नावं आली तर ‘-डेव्ह’वाली सोडा, ती प्रोग्राम बांधायला लागतात, चालवायला नाही. उदाहरणार्थ, लिबजीएल.एसओ.१ या फाइलसाठी लिबजीएल१ हे पॅकेज पुरतं. तेच पॅकेज आधीच बसवलेलं असेल तर ‘फाइल’ आज्ञेने प्रोग्राम ३२-बिटचा आहे का बघा. असेल तर आय३८६ (३२-बिट) आर्किटेक्चर जोडून त्याचं पॅकेज घ्यावं लागेल. आणि प्रोग्राम जुनी लिबएसएसएल.एसओ.१.१ मागत असेल, तर कृपा करून लिबएसएसएल.एसओ.३ ला १.१ च्या नावाची सिमलिंक (त्याच फाइलकडे नेणारं दुसरं नाव) देऊ नका. आतल्या सिम्बॉलांच्या (फंक्शन वगैरेंच्या नावांच्या) आवृत्त्या जुळत नाहीत, प्रोग्राम सुरू होतानाच पडतो. उबुंटू २२.०४ च्या भांडारात लिबएसएसएल१.१ नाहीच, त्यामुळे प्रोग्रामचीच नवी आवृत्ती शोधणं बरं.