पहिला कॅमेरा, हातात १२ हजार: लेन्स घेऊ का फिल्टरचा सेट?

शाहूपुरीकर_नवखा
राम राम मंडळी. मामेभावाकडनं कॅननचा १५००डी घेतलाय सेकंडहँड, संगट १८-५५ ची किट लेन्स. महिनाभर ऑटोवरच फोटो मारालोय, आता जरा शिकायचं म्हणतोय. साठवून साठवून १२ हजार झालेत, त्याच्या वर एक रुपया नाही, घरात आधीच "कॅमेरा झाला, आता परत काय" चालू आहे.
परवा एका दुकानात गेलो तर त्यानं एक डबाच पुढ्यात ठेवला, त्यात यूव्ही, सीपीएल, एफएलडी, एनडी, वर लेन्सवर चढवायची वाइड अँगलची काच, सगळं मिळून साडेतीन हजार, आणि म्हणतोय यूव्ही लावल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढूच नको. खरं आहे का हे?
मी मारतो ते फोटो म्हणजे लहान भाऊ तालमीत जातो तिथले (आत निस्ता अंधार, सगळे हललेले येतात), संध्याकाळचा रंकाळा, आणि अधनंमधनं पन्हाळा नाहीतर खिद्रापूर. काय घेऊ सांगा.

जुना_रोलवाला
तो डबा तिथंच राहू दे बाबा. एफएलडी ही जांभळट काच रोलच्या जमान्यात ट्यूबलाइटचा हिरवा रंग मारायला वापरायचो आम्ही, आता कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स (रंग जुळवायचं सेटिंग) बदलला की झालं काम. यूव्ही पण रोलसाठीच होता, तुझ्या सेन्सरच्या पुढ्यात ते काम करणारी काच कंपनीनंच बसवलेली असते. आणि ती वाइडची काच लावलीस की चारी कोपरे वितळल्यागत दिसतात, लग्नात कुणी लावली तर नवरीकडचे पैसे देणार नाहीत.
तुझा खरा प्रॉब्लेम तालमीतला उजेड आहे आणि त्यावर कुठलाच फिल्टर चालत नाही, कारण फिल्टर उजेड कमीच करतो, वाढवत नाही. किट लेन्स ५५ वर (पूर्ण झूम) नेलीस की ती एफ/५.६ च्या पुढं उघडतच नाही, आणि एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं. ५० एमएम एफ/१.८ लेन्स त्याच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. म्हणजे आता शटर १/२० सेकंद मिळत असेल आणि पैलवान हलून भुतागत येत असेल तर त्याच आयएसओवर (सेन्सर उजेड किती वाढवून घेतो तो आकडा) १/२०० च्या आसपास मिळेल, डाव धरताना थोडं हलेल पण उभं-बसलेलं माणूस खणखणीत येईल. ५० एमएम एफ/१.८ एसटीएम घे, बजेटमध्ये बसते, सेकंडहँड चांगली मिळाली तर पैसे उरतील पण.
एक मात्र ध्यानात ठेव, १.८ वर जवळनं चेहरा घेतलास तर एक डोळा शार्प आणि दुसरा गेला असं होतंय. सुरुवातीला २.८ वर ठेव. आणि फोकसचे नऊ पॉइंट आहेत तुझ्या कॅमेऱ्यात, त्यातला मधलाच वापर, अंधारात तोच त्यातल्या त्यात पकडतोय.

कट्ट्यावरचा_कॅमेरा
आलं सुरू ५०-५०. नवा माणूस दिसला की सगळे हेच गळ्यात मारतात. भावा, तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, १.६ नं गुणायचं, म्हणजे ५० ची लेन्स ८० सारखी वागणार. घरात वाढदिवसाचा फोटो काढायला गेलास तर पाठ भिंतीला लागंल आणि केक येईल, माणसं न्हाईत. खिद्रापूरच्या देवळात स्वर्गमंडपात उभारून वरचं ते गोल उघडं छत आणि खालचे खांब एका फोटोत घ्यायचे असतील तर १८ च लागतंय, तिथं ५० चा काय उपयोग?
म्हणून म्हणतो पैसे टाकायच्या आधी फुकटातलं एक कर. किट लेन्स ५० वर फिरव, झूम रिंगला सेलोटेप लाव, आठ दिवस काढायची न्हाई. जमतंय का बघ. आणि महिनाभरात काढलेले फोटो कॉम्प्युटरवर उघडून प्रत्येकाची माहिती बघ, त्यात फोकल लेंग्थ (१८, ५०, ५५ हा लेन्सचा आकडा) लिहून येतंय. सगळे १८ ला असतील तर ५० घेऊन कपाटातच ठेवशील.

जुना_रोलवाला
सेलोटेपचं बरोबर आहे, ते कर. पण याला स्वस्तातली रुंद आणि उजेडाची लेन्स कुठनं आणायची ते पण सांग की. २४ ची चपटी लेन्स आहे, गोड आहे, खिशात मावते, पण एफ/२.८. किट लेन्स २४ वर एफ/४ देतेच, म्हणजे फायदा एका स्टॉपचा, निस्ता दुप्पट उजेड. तालमीत एका स्टॉपनं काय होतंय?

कट्ट्यावरचा_कॅमेरा
हां ते हाय. तालमीसाठी ५० च, मान्य. माझा राग सरसकट सांगणाऱ्यांवर आहे.

गुलालात_न्हालेला
यूव्हीबद्दल माझी चूक सांगतो, मी तो दीड वर्ष चढवून फिरलो. रंकाळ्यावर रात्री काठावरच्या दिव्यांचे फोटो काढले आणि घरी येऊन बघतोय तर आभाळात हिरवे ठिपके, ओळीनं. पहिल्यांदा वाटलं सेन्सर गेला, झोप न्हाई रात्रभर. मग कळलं, जितके दिवे खाली तितकेच ठिपके वर, उलटे. स्वस्तातल्या काचेवर कोटिंग नसतंय, दिव्याचा उजेड लेन्स आणि फिल्टरच्या मधी आपटून परत सेन्सरवर पडतोय. फिल्टर काढला, ठिपके गायब.
पण जोतिबाच्या चैत्र यात्रेला मी तो आजही लावतो. गुलाल अंगावर येतोय तेव्हा लेन्सची पुढची काच शर्टानं पुसायची वेळ आली तर फिल्टरवर चरे पडलेले परवडले. एवढं करून पण एका वर्षी गुलाल आत गेलाच, पुढच्या काचेतनं न्हाई, झूमच्या नळीतनं. किट लेन्स आतबाहेर होताना हवा ओढती आणि हवेबरोबर गुलाल. झूम फिरवली की अजून खरखर आवाज येतोय. तेव्हापासनं पारदर्शक पिशवी, पुढं भोक, लेन्सला रबर लावून घट्ट, आणि धूळ कापडानं न पुसता आधी रबरी ब्लोअरनं उडवायची.
रोजच्यासाठी यूव्हीच्या ऐवजी हूड (लेन्सच्या तोंडाला लावायचं कडं) घे. पडली-आपटली तर तोच आधी मार खातोय, आणि उन्हाची तिरीप पण अडवतोय.

शाहूपुरीकर_नवखा
बाप रे, एवढं कुणी दुकानात सांगितलं नव्हतं. मग सीपीएल तरी घेऊ का? व्हिडिओत बघितलं त्यानं आभाळ एकदम निळंशार येतंय. रंकाळ्यावर सनसेटला चालेल ना?

दाजीपूर_रिटर्न
सीपीएल म्हणजे पोलरायझर, फिरवायची काच, ती सनसेटला नाही चालत. सूर्य तुझ्या डाव्या नाहीतर उजव्या खांद्याला असेल तेव्हा त्याचा जोर सगळ्यात जास्त, काटकोनात. चौपाटीवर उभारून मावळता सूर्य समोर घेतलास तर काच फिरवून फिरवून हात दुखेल, आभाळ तसंच, उलट दीड-दोन स्टॉप उजेड फुकट जातो.
सीपीएलची खरी मजा पावसाळ्यात. गगनबावड्याकडं ओल्या पानांवर जी पांढरी चकाकी येते ती जाते आणि आतला हिरवा रंग बाहेर येतो, हे नंतर एडिटिंगमध्ये आणता येत नाही. पाण्याचा तळ, गाडीची काच, तिथंपण चालतो. म्हणून घ्यायचाच तर फिल्टरमधला हा एकच घे, आणि तोही जून लागला की, आत्ता नको.
घेताना लेन्सच्या तोंडावर बघ, गोलाला आडवी रेघ मारलेली खूण आणि पुढं आकडा असतो. तुझ्या किटला ५८ आहे, ५० एमएमला ४९. दोन फिल्टर घ्यायचे नाहीत, ५८ चा घे आणि ४९ ची लेन्स ५८ ला जोडायची स्टेप-अप रिंग घे, थोडक्यात काम होतंय. आणखी एक त्रास आधीच सांगतो, तुझी किट आयएस टू (लेन्सवरच लिहिलेलं असतं) असेल तर फोकस होताना तिचं पुढचं तोंड गोल फिरतं, मग तू लावलेला सीपीएलचा कोन हलतो. आधी फोकस कर, मग मॅन्युअलवर टाक, मग काच फिरव.
एनडी, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, पण लगेच नको. राऊतवाडी धबधब्याला ढगाळ हवेत झाडाखाली आयएसओ १०० आणि एफ/१६ केलंस तर तशीच पाव सेकंदाच्या आसपास शटर मिळते, पाणी दुधागत व्हायला तेवढी चालते. फक्त कॅमेरा टेकवायला काहीतरी पाहिजे, ट्रायपॉड नसला तर दगड.
आणि गव्यांसाठी म्हणून कुणी जुनी ७५-३०० स्वस्तात देतो म्हणाला तर पळ तिथनं. तिला स्टॅबिलायझर (हात हलला तर सावरून घेणारी सोय) नाही, ३०० वर हातात धरून १/५०० तरी शटर पाहिजे आणि जंगलात सकाळी तेवढा उजेड कुठला. पुढं कधी पैसे आले तर ५५-२५० आयएस बघ.

गुलालात_न्हालेला
पावसाळ्यावरनं आठवलं, भावा आपल्याकडं चार महिने हवा दमट, लेन्सला बुरशी लागती. कोळ्याच्या जाळ्यागत बारीक पांढरे धागे. सेकंडहँड लेन्स घेताना मोबाइलची बॅटरी मागनं मारून पुढनं बघ, धागे दिसले की सोडून दे. आणि उरलेल्या पैशात झाकण घट्ट बसणारा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतेचा काटा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधी राहिला पाहिजे. कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नको, बॅग ओल धरती.

कट्ट्यावरचा_कॅमेरा
सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला आणि आम्ही ५८ चा का ४९ चा म्हणून भांडतोय 😄

शाहूपुरीकर_नवखा
मंडळी पंधरा दिवसांनी आलो. सेलोटेप लावली होती. पहिले दोन दिवस शिव्या घातल्या, घरात आईचा फोटो काढायला खरंच दाराच्या बाहेर उभारावं लागलं. पण तालमीत मजा आली, हौद्याच्या कडेला उभारलं की दोघं बरोबर फ्रेममध्ये बसतात. फोटोंची माहिती पण बघितली, तालमीतले जवळजवळ सगळे ५५ लाच होते, मी समजत होतो उलटं.
५० एसटीएम काल मिळाली, सेकंडहँड, बॅटरी मारून बघितली, आत स्वच्छ. हूड आणि डबा घेतला, तीन हजार अजून शिल्लक आहेत. आज सकाळी भावाचा मातीत लोळलेला फोटो काढला, पापणीवरची लाल माती दिसालीय. नाद खुळा. कान मात्र धूसर आला, २.८ वर ठेवायला विसरलो.
वस्ताद म्हणाले फोटो काढ पण फ्लॅश मारायचा नाही आणि चप्पल बाहेर.

जुना_रोलवाला
वस्तादांना त्यातला एक फोटो कागदावर काढून दे, मग वर्षभर कुणी अडवणार नाही.